मुद्दा चौदा

पाकीट परत आलं. तिसऱ्यांदा.
या खेपेला तिकिटावर बदक,
आणि आत एक सभ्य पान:
आपल्या विनंतीपत्राचा आम्ही आदर करतो, तथापि
साक्षीदार क्रमांक एकतीस, मुद्दा चौदा,
'तो आमच्यापैकीच एक वाटला'
या वाक्याचा खुलासा व्हावा.
आमच्या म्हणजे कोणाच्या?
धर्म, जमात, संघटना:
लागू असेल त्या चौकटीत खूण करावी.

भाषांतर माझंच.
सत्र न्यायालयाच्या मागच्या जिन्याखाली
सव्वीस वर्षं मी हेच करते,
बायकांचे हंबरडे परिच्छेदांत बसवते.
मंजुळा नाखवा म्हणाली होती, आपल्यातलाच वाटला.
मी त्याचं आमच्यातला केलं.
करणार काय? त्या भाषेत दोन्हींना शब्द एकच,
ऐकणाऱ्याला आत ओढून घेणारा
आणि त्याला उंबऱ्याबाहेर ठेवणारा, एकच.

त्या एका शब्दावर तिथला वकील उभा राहिला.
म्हणाला, बाईच सांगतेय, त्यांच्यातलाच कुणी होता,
मग माझा अशील कशाला तुमच्या ताब्यात?

रेळेसाहेब चष्मा पुसत राहिले.
सिम घेतलं एका देशात, बोलणं वळवलं दुसऱ्यातून,
पैसे कुठल्याशा बेटावर धुतले,
सर्व्हर जिथे आहे तिथली सुट्टी सुरू झालीय.
दहशतवाद या शब्दाची व्याख्याच, म्हणाले,
अजून सगळ्यांना मिळून ठरवता आलेली नाही, बाई,
आणि तुम्ही आपल्यातला घेऊन बसलात.
मग जरा थांबून म्हणाले, जा. विचारून या.

पहाटे साडेपाच, ससून डॉक.
बर्फ फोडण्याच्या आवाजात मंजुळा बसलेली,
पुढ्यात कोळंबीचा ढीग.
उजवा कान त्या शुक्रवारपासून बंद,
म्हणून मी डावीकडे उकिडवी.
तिचा धाकटा दीर खजुराच्या वखारीत हमाल होता.
त्याचा डबा घेऊन ती गेली होती,
आणि त्या पोराने तिला वाट दिली,
पिशवी खाली ठेवून,
दोन्ही हातांनी हातगाडी बाजूला सारून.

आपल्यातला म्हणजे काय, मंजुळाबाय?
म्हंजे काय म्हंजे?
तिचा अंगठा थांबला नाही, साल, डोकं, शिरा.
कोळी होता? नाय.
मराठी? बोललाच नाय तो.
हिंदू, मुसलमान?
कपालावर लिवलेला असतो काय?
मग?

मग बराच वेळ नुसती कोळंबी.

दमलेला होता गो, म्हणाली.
ओठ सुकलेले.
डबा नसता हातात तर मी त्याला चाय विचारली असती.
तसा. आपल्यातला.

खुलाशाला जागा तीन ओळींची.
मी चौकटी रिकाम्या सोडल्या.
साक्षीदाराचा शब्द ओळख दाखवत नाही, लिहिलं,
केवळ आपुलकी दाखवतो,
मग आपुलकी खोडलं.
त्याच्यावर तिकडे चौथं पाकीट निघालं असतं.
परिचित, लिहिलं. तेही खोडलं, तो परिचित नव्हता.
खाडाखोड चालत नाही म्हणून नवा कागद घेतला.
बोटांना वास येत होता,
तो कागदालाही लागला असणार.

शिक्का, सही, पोच.
रेळेसाहेबांच्या नातवासाठी
बदकाचं तिकीट कात्रीने कापून ठेवलं.
माझ्या निवृत्तीला एकोणीस महिने आहेत,
मागचं उत्तर यायला बावीस लागले होते.

निघताना मंजुळाने विचारलं होतं
ते जबाबात येत नाही, मुद्दा क्रमांक नाही त्याला:
त्या देशात, जिथं तो दुसरा बसलाय,
ज्याने या पोराला पाठवला,
तिथं चाय देतात काय गो त्याला?

देत असतील, मी म्हटलं.

तिने मान हलवली,
बंद कानाच्या बाजूला,
आणि पुढची कोळंबी घेतली.